माळ्यावरची पेटी आणि बहिणीचा रुसवा

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षांपूर्वी आईनं चिनी मातीच्या भांड्यांची पेटी तुमच्या हवाली केली, "नीट सांभाळ" म्हणाली. पुढे आई गेली, तुम्ही दोन घरं बदललीत आणि पेटी माळ्यावर पडून राहिली. परवा उघडलीत तर फुलदाणीचे तुकडे झालेले. बहीण फोनवर म्हणाली, "सांभाळायचं नव्हतं तर मला का नाही दिलंस?" यजमान म्हणतात, विकून मोकळे होऊ. आणि तुम्ही मला विचारता, "आईच्या विश्वासाला मी जागले नाही का?"

विसरलात, हे खरं. पण त्यात आईचा अपमान झाला असं मला मुळीच वाटत नाही. रोजच्या हाताळणीत कपांचे कान जातात, बशांच्या कडा उडतात. बाकीचे सव्वीस नग शाबूत आहेत, ते कदाचित बंद पेटीत राहिल्यामुळेच.

विकायचं की वाटायचं, ते आज ठरवू नका. पेटीत नेमकं काय आहे हेच अजून कुणाला ठाऊक नाही. एक दुपार मोकळी ठेवा. टेबलावर जाड टॉवेल अंथरा, अंगठ्या काढा, एकेक नग बुडाला आधार देऊन उचला, कानाला धरून नको. मग तो पालथा करा, कारण बरीचशी ओळख बुडाशीच असते. अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून 'इंग्लंड'सारखे शब्द भांड्यांवर सर्रास दिसू लागले. 'निप्पॉन' (म्हणजे जपानच) लिहिलेलं असेल तर भांडं बहुधा १९२१ च्या आधीचं. पुढे त्या जागी 'जपान' असंच लिहावं लागलं. 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे परक्या ताब्यातलं जपान, असं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचं, १९५२ पर्यंतचं. एकमेकींवर आडव्या निळ्या तलवारी दिसल्या तर मात्र लगेच हुरळू नका. ते जर्मनीतल्या माइसेनच्या चिनी मातीच्या कारखान्याचं चिन्ह आहे आणि त्याची नक्कल अमाप झाली आहे. किंमत काढायची तर जाणकाराकडून काढा, पण जो विकत घेणार त्याच्याकडूनच नको.

सगळं गरम पाण्यात भिजत घालणार असल्याचं लिहिलंय. कृपा करून थांबा! झिलईला बारीक तड्यांची जाळी पडली असेल तर पाणी आणि मळ आत मुरतो, डाग कायमचे बसतात. अशा नगावरची धूळ मऊ कुंचल्यानं झटका. बाकीच्यांना कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं पुरे. सोनेरी रेघा घासू नका, ब्लीच अजिबात नको. आणि यातून खाणंपिणं टाळा, जुन्या झिलईत शिसं असू शकतं.

फुलदाणीचे तुकडे वेगवेगळे गुंडाळा, अगदी चुरासुद्धा एका डबीत ठेवा. झटपट चिकटणारा गोंद लावू नका. जोड जरा चुकला तरी तो पुढे नीट सुटत नाही. दुरुस्तीतले जाणकार पुन्हा सोडवता येईल असाच गोंद वापरतात.

आता बहिणीचं. ती भांड्यांसाठी भांडत नाहीये. आईनं पेटी तुम्हाला दिली आणि आता ती उघडलीतही तिच्यावाचून, हे तिला लागलंय. त्या दुपारी तिला बोलवा. तुम्ही नग उचला, तिला वहीत लिहू दे, बुडाचे फोटो काढू दे. वाटणी करायचीच झाली तर मग आळीपाळीनं एकेक निवडा, पहिली निवड तिची.

साखरेच्या भांड्याच्या झाकणावर पिवळट रेघ आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. तो जुना गोंद असणार. काळानं असा पिवळा पडतो. म्हणजे ते झाकण कधीतरी फुटलं आणि बहुधा आईनंच बसून जोडलं. ती रेघ खरवडू नका. फोन करा आणि बहिणीला एवढंच विचारा, "ते झाकण तुझ्या हातून फुटलं होतं की माझ्या?"

तुमची,
ताई