घरात एक कुत्रा असताना बुजरी कुत्री दत्तक घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: घरात पाच वर्षांचा, माणसांत आणि कुत्र्यांत सारखाच रमणारा नर कुत्रा आहे. निवारा केंद्रातली दोन वर्षांची एक कुत्री तुमच्या मनात भरली आहे, पण माणूस जवळ आला की ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. तिला घरी आणले तर पहिल्याच्या सोबतीने तिची भीती जाईल, की तिच्या संगतीने तोच भित्रा होईल, हे तुम्हाला ठरवता येत नाही. भेदरलेले कुत्रे दत्तक जाईपर्यंत सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे आणि माझ्याकडे कायम राहणारा एक प्रौढ कुत्रा असल्यामुळे अशा जोड्या मला जवळून पाहायला मिळतात. माझे मत असे आहे की ती माणसांना किती घाबरते यावर हा निर्णय घेऊ नये. ती दुसऱ्या कुत्र्यासमोर कशी वागते यावर घ्यावा. तुमच्या प्रश्नात नेमका याचाच उल्लेख नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या का, याचे कारण पिल्लाच्या वाढीत आहे. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे भेटते, ते त्याला पुढे आपले वाटते. त्या काळात जे भेटले नाही, त्याची धास्ती पुष्कळदा आयुष्यभर राहते. अमेरिकेतल्या बार हार्बर येथे झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लांना आईसोबत मोठ्या कुंपणात, माणसांचा सहवास जवळजवळ न देता वाढवले होते. ज्या पिल्लांना १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा हात लागला नाही, ती नंतर माणसाळणे फार अवघड गेले. आता ध्यानात घ्या, की अशी पिल्ले आई आणि भावंडांमध्ये वाढलेली असतात, म्हणजे कुत्र्यांच्या रीतीभाती त्यांना उत्तम कळतात. निवारा केंद्रांत येणाऱ्या बुजऱ्या कुत्र्यांपैकी अनेकांचा पूर्वेतिहास याच प्रकारचा असतो. माणूस दिसला की थिजणारी कुत्री दुसरा कुत्रा आत आला की अगदी वेगळीच दिसू शकते. भीतीत आनुवंशिक स्वभावाचाही वाटा असतो आणि प्रत्येक भित्र्या कुत्र्याला कोणीतरी मारलेलेच असते असे नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मारझोडीची कथा मनात रचून दयेपोटी घेतलेला निर्णय फार दिवस टिकत नाही.

म्हणून आधी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना विनंती करा, की त्यांच्याकडचा एखादा शांत, मनमिळाऊ कुत्रा तिच्या खोलीत न्यावा आणि तुम्हाला लांबून, शक्यतो तिला दिसणार नाही अशा जागेवरून पाहू द्यावे. ती मान लांब करून हुंगते का, पायात घातलेली शेपूट थोडी तरी सैल होते का, सरळ समोरून न येता अंगाला किंचित बाक देऊन त्याच्याजवळ जाते का, तो हलला की मागोमाग जाते का, हे पाहा. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून तिने खेळायला बोलावले, तर तुमचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले असे समजा. याउलट ती दगडासारखी ताठरली, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला, ओठ वर गेले किंवा तिने हवेत चावा घेतला, तर तिला कुत्र्यांचीही भीती आहे आणि तिला दुसऱ्या प्राण्याविनाचे शांत घर हवे आहे. ही पाहणी ती केंद्रात दाखल झाल्या झाल्या करू नका. निवारा केंद्रात आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण पहिले तीन दिवस बरेच चढलेले असल्याचे आढळले आहे, त्यामुळे त्या दिवसांतल्या वागण्यावरून काहीच ठरवता येत नाही. आणखी एक सावधगिरी: मुकाट पडून राहणारी, कुणी कुठेही हात लावला तरी हालचाल न करणारी कुत्री शांत असतेच असे नाही. पुष्कळदा ती भीतीने गोठलेली असते; घरी आल्यावर तिला कंठ फुटतो आणि तिचा खरा स्वभाव तेव्हा कळतो.

ती कुत्र्यांमध्ये खुलत असेल, तर तुमचा कुत्रा तिच्यासाठी अडचण नसून मोठा आधार ठरेल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वीव्हरव्हिल येथे एएसपीसीए या प्राणी-संरक्षण संस्थेचे अतिशय भित्र्या कुत्र्यांसाठीचे पुनर्वसन केंद्र २०१८ पासून चालू आहे आणि तिथल्या उपचारांतही माणसांत रमणाऱ्या, धीट कुत्र्यांची मदत घेतली जाते. घरात हे कसे घडते ते मी अनेकदा पाहिले आहे. मी जमिनीवर बसून माझ्या कुत्र्याला खाऊ देते, तेव्हा पाहुणी त्याच्या खांद्याआड उभी असते. मागचे दोन्ही पाय पळण्याच्या तयारीत रोवलेले, पाठ ताणलेली आणि फक्त मान पुढे. तो चघळत असताना तिची नजर त्याच्या तोंडावरून माझ्या हातावर आणि पुन्हा त्याच्या तोंडावर जाते. काही दिवसांनी ती मान एवढी लांबते, की तळहातावरचा तुकडा ओठांच्या टोकाने उचलला जातो. मी नुसती हाका मारत बसले असते, तर तेवढ्यालाच कितीतरी जास्त काळ लागला असता.

मात्र सोबतीने सगळे होते असे समजू नका. जिना, दारावरची घंटा, भांडे पडल्याचा आवाज, पाहुणे या प्रत्येकाची सवय वेगळी, लांबून आणि थोडी थोडी, प्रत्येक वेळी आवडता खाऊ देत लावावी लागते. तिला ओढून पाहुण्यांसमोर बसवणे, ‘होईल सवय’ म्हणून गर्दीत नेणे हे प्रकार भीती वाढवतात. जवळ घेऊन धीर दिल्याने भीती बळावते, ही समजूत मात्र निराधार आहे. ती स्वतःहून जवळ आली तर खुशाल थोपटा. एवढे करूनही ती खात नसेल, सतत थरथरत असेल, तर पशुवैद्याशी औषधांविषयी बोलण्यात कमीपणा मानू नये. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते शिकवण्याच्या जोडीने द्यायचे असते.

आता तुमच्या कुत्र्याविषयी. पाच वर्षांचा, स्थिर स्वभावाचा कुत्रा तिच्यामुळे माणसांना घाबरू लागेल, असे मला वाटत नाही. तो शिकेल ते भुंकणे: ती आवाजाला दचकून भुंकली की तोही सूर मिळवेल आणि शेजाऱ्यांना याचा त्रास होऊ शकतो. तो स्वतःच मोठ्या आवाजांना फार घाबरत असेल, तर गोष्ट निराळी. मग दोन घाबरलेले कुत्रे एकमेकांना आणखी घाबरवतात. वाडगा, अंथरूण किंवा तुमच्याजवळची जागा यांवरून तो गुरगुरतो का, हे प्रामाणिकपणे आठवा. खेळताना तो अंगावर धडका देत असेल, तर मनाने प्रेमळ असूनही तो तिला झेपणार नाही. नर आणि मादी ही जोडी तुमच्या पथ्यावर पडणारी आहे, कारण एका घरातली गंभीर भांडणे समान लिंगाच्या कुत्र्यांत, त्यातही दोन माद्यांमध्ये, जास्त आढळतात. दोघांची नसबंदी झालेली असावी, हे सांगायला नकोच.

ज्या धोक्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही तो म्हणजे पळून जाणे. भेदरलेला कुत्रा पट्ट्यातून मागे सरकत डोके सोडवून घेतो आणि एकदा निसटला की हाकेला थांबत नाही. हाक मारणारे तुम्ही त्याच्या दृष्टीने अजून अनोळखीच असता. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत फासळ्यांच्या मागे दुसरा पट्टा असलेला हार्नेस, ओढल्यावर थोडा आवळला जाणारा गळपट्टा आणि दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या असाव्यात. मायक्रोचिप आणि फोन नंबरची चकती पहिल्याच दिवशी हवी. घराच्या दाराआधी आणखी एक जाळीचे दार किंवा अडसर असावा. ज्या घराचे दार दिवसभर उघडे असते, जिथे लहान मुले आणि पाहुणे सतत ये-जा करतात, त्या घराला मी अशी कुत्री घेण्याचा सल्ला कधीच देत नाही, मग घरातला कुत्रा कितीही गुणी असो.

आजारांबाबत थोडक्यात सांगते. लसीकरण आणि जंतांचे औषध झाले आहे का पाहा आणि साधारण दोन आठवडे दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, कारण डिस्टेंपर आणि पार्व्हो या संसर्गजन्य रोगांची लक्षणे दिसायला तेवढे दिवस लागू शकतात. त्या काळात त्यांच्या चादरींची अदलाबदल केली की वासाची ओळख आपोआप होते. पुढे अंतर ठेवून समांतर चालवणे, मग जाळीच्या दाराआडून भेट आणि त्यानंतर एकत्र खोली, असा क्रम ठेवा. जेवण मात्र कायम वेगळे द्या.

दूरचा एक विचारही आत्ताच करायला हवा. अशी कुत्री पुष्कळदा माणसापेक्षा कुत्र्याशीच जास्त बांधली जाते. घरात ती तुमची कमी आणि त्याची जास्त असेल, आणि हे काहींना मनाला लागते. शिवाय तो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. तो आधी थकेल, कदाचित आधी जाईल. त्या वेळी तिचा सगळा धीर त्याच्यावरच बेतलेला असेल, तर ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसेल. यासाठी सुरुवातीची काही महिन्यांची घडी बसली की रोज थोडा वेळ तिला त्याच्याशिवाय फक्त तुमच्यासोबत ठेवण्याची सवय लावा.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा नव्या घरात रुळण्याविषयी दत्तक घेणाऱ्यांना सांगितला जाणारा आडाखा साध्या कुत्र्यांपुरता ठीक आहे. इतक्या बुजऱ्या कुत्रीला वर्षही लागू शकते आणि काही बाबतींत ती कधीच बदलणार नाही. अनोळखी माणूस आला की आयुष्यभर पलंगाखाली जाणारी कुत्री तुम्हाला चालणार असेल, ती दुसऱ्या कुत्र्यासमोर खुलत असेल आणि तुमच्या दाराची व्यवस्था नीट होत असेल, तर तिला जरूर घ्या. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर घेऊ नका आणि त्याची खंतही बाळगू नका.

केंद्राकडे थेट दत्तक न मागता आधी तात्पुरत्या सांभाळाची मुदत मागा, बऱ्याच ठिकाणी ती मिळते. कुत्री परत करावी लागली तर कोणत्या अटींवर आणि कोणाकडे, हे लेखी घ्या. पहिल्या भेटीला तुमच्या कुत्र्याला सोबत न्या, पण भेट तिच्या खोलीत न घडवता मोकळ्या जागेवर, दोघांच्या दोऱ्या सैल ठेवून घडवा, आणि दहा-पंधरा मिनिटांत आटोपती घ्या.