‘दत्तक घेतलाय म्हणून असा आहे का?’

हे विचारण्याआधी आईने उठून दार लावून घेतलं. मुलगा बाहेर आजीजवळ होता. बसायला सांगितलं होतं, पण कूलरचा नळ सोडायचा आणि बंद करायचा उद्योग चालू होता. वय 9, इयत्ता तिसरी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याला इथे ओम म्हणू. साडेतीन वर्षांचा असताना तो दुसऱ्या राज्यातल्या संस्थेतून या घरी आला. शाळेचं म्हणणं असं की जागेवर टिकत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द ठोकून देतो. घरी अभ्यास म्हणजे दोन तासांची रडारड. गेल्या महिन्यात त्यातच तो ओरडला, “तू माझी खरी आई नाहीसच!” वडिलांचं म्हणणं, “आमच्याच लाडाने बिघडला.” आजीला कुणी विचारलं नव्हतं, तरी ‘कुणाचं रक्त कुणास ठाऊक’ हे घरात सगळ्यांच्या कानावर होतं.

ओमसारखं लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, शंभरातल्या साधारण 5 मुलांत आढळतो आणि त्यातली बहुतेक आपापल्या जन्मदात्यांच्याच घरात वाढत असतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, लाडाचा नाही. मात्र सुरुवातीची वर्षं संस्थेत गेलेल्या मुलांत तो जास्त दिसतो, हेही खरं. रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. चांगलं घर मिळाल्यावर मुलं माणसांशी जोडली गेली, पण लक्ष न टिकण्याची अडचण बऱ्याच जणांत उरली. तेव्हा ओमच्या आईचं प्रेम कुठे कमी पडलं, हे शोधत बसण्यात अर्थ नव्हता.

दत्तक असण्याचा खरा संबंध येतो तो तपासणीशी. आधीच्या एका ठिकाणी ‘जन्मल्यावर लगेच रडला का’, ‘पहिला शब्द कितव्या महिन्यात’ हे रकाने आईवडिलांनी संकोचाने अंदाजपंचे भरले होते. असं करू नका. ‘माहीत नाही’ लिहा आणि दत्तक घेताना मिळालेल्या बाल अध्ययन अहवालाची व वैद्यकीय अहवालाची प्रत जोडा. त्यातलं वजन आणि डोक्याचा घेर तज्ज्ञाला आपल्या अंदाजापेक्षा जास्त सांगतात. सोडून दिलेल्या बाळाची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने ठरवलेली असते. कागदावर 9 वर्षांचं मूल प्रत्यक्षात साडेआठचं असलं, तर वर्गातल्या इतरांपुढे ते साहजिकच पोरकट वाटतं. शिवाय ओम आला तेव्हा मराठी बोलतच नव्हता. पहिली भाषा मागे पडली, दुसरी पक्की व्हायच्या आत तिसरी म्हणजे शाळेची इंग्रजी सुरू झाली. वाचन येत नाही ते अध्ययन अक्षमतेमुळे (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणं) की भाषा बदलल्यामुळे, हे ठरवायचं तर तपासणाऱ्याला हा क्रम कळलाच पाहिजे.

सगळ्यात आधी कान आणि डोळे तपासून घ्या. ओमचे ठीक निघाले. मग बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, पालक आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावली. फक्त घरी किंवा फक्त शाळेत चंचल असलेल्या मुलाला एडीएचडी म्हणत नाहीत. दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ तसं दिसावं लागतं. निष्कर्ष निघाला तो असा: बुद्धी सर्वसाधारण, एडीएचडी, जोडीला वाचन-लेखनाची आणि गणिताची अध्ययन अक्षमता.

वही उघडली तर घराचं ‘धर’ झालेलं, भरपूरचं ‘मरपूर’. आणि ‘सत्तेचाळीस’ सांगितलं की 74. यात आपल्या मराठीचाही हात आहे. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून हात आधी 7 काढतो. शाळेत ‘फॉर्टी सेव्हन’मध्ये चार आधी. एकोणचाळीसमध्ये तर तीनही ऐकू येत नाही आणि नऊही! विशेष शिक्षिकेने काही महिने घरात आणि शाळेत संख्या एकाच भाषेत ठेवायला सांगितली, आणि लिहिण्याआधी ‘चार दशक, सात एकक’ असं तोंडाने म्हणायला लावलं. घ आणि ध एकाच दिवशी शिकवायचे नाहीत. आधी घ, तोही रव्याच्या ताटात बोटाने, उच्चार करत. तो पक्का झाल्यावर, आठ-दहा दिवसांनी ध. जुनी धुळाक्षरं म्हणजे दुसरं काय होतं?

शिकवण्याचं काम आईकडून काढून घेतलं. आठवड्यातून तीनदा विशेष शिक्षिका, आणि गृहपाठाला वरची मर्यादा 40 मिनिटांची. 10 मिनिटं काम, 3 मिनिटं उड्या मारायला सुट्टी, स्वयंपाकघरातला टायमर समोर. दहा गणितांऐवजी चार, हे शाळेतल्या शिक्षिकांशी आधी बोलून. धडा आईने वाचून दाखवायचा, उत्तर त्याने तोंडी द्यायचं. वेळ संपली की वही बंद. डायरीत ‘40 मिनिटं केलं’ एवढंच लिहायचं.

शाबासकीचा तक्ता पहिल्या पंधरवड्यात कोसळला. बक्षीस रविवारी होतं आणि या मुलांसाठी रविवार म्हणजे पुढचं वर्ष. शिवाय वडिलांनी तीन सवयींच्या सात केल्या आणि रागात मिळालेले तारे खोडले. आता दोनच सवयी आहेत, बक्षीस त्याच संध्याकाळी, आणि मिळालेला तारा परत घ्यायचा नाही.

बोलता बोलता आई म्हणाली, “उशीखाली बिस्किटं लपवतो.” ही चोरी नव्हे. उद्या मिळेल याची खात्री नसलेलं मूल असं करतं. आणि या घरात चिडल्यावर एक वाक्य ठरलेलं होतं: “नाही ऐकलंस तर हॉस्टेलला टाकीन.” महाराष्ट्रातली निम्मी पोरं हे ऐकत मोठी झाली असतील आणि त्यांचं काही बिघडलं नसेल. ओमच्या बाबतीत माणसं खरंच सुटली होती, त्याला ते खरं वाटतं. ते वाक्य त्याच दिवशी बंद करायला लावलं. शांत होण्यासाठी खोलीत एकटं कोंडणंही बंद. त्याऐवजी त्याच खोलीत, आईच्या शेजारी, न बोलता बसणं.

‘खरी आई नाहीस’ला उत्तर ठरवून दिलं, कारण त्या क्षणी सुचत नाही: “तुला जन्म देणारी आई होती. मीही तुझी आई आहे. दोन्ही खरं. राहिलेलं गणित उद्या.” आवाज न चढवता, रडू न आणता. आईला हे जमायला दीड महिना गेला.

गोळीबद्दल घरात बरीच भीती होती. बालमनोविकारतज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलं, सकाळी नाश्त्यानंतर. लक्ष टिकू लागलं, पण गोळी वाचायला शिकवत नाही. शिक्षिका तीनदाच, पूर्वीसारख्या. गोळीने भूक मंदावल्याने दुपारचा डबा मात्र भरलेलाच परत येऊ लागला. तेव्हा नाश्ता भरपेट, संध्याकाळी साडेसहाला जेवणासारखं खाणं, वजन-उंचीची नोंद दर तीन महिन्यांनी. बिस्किटांसाठी त्याच्या हाताला येईल असा डबा ओट्याखाली ठेवला, कधी रिकामा न होणारा.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मूल 8 वर्षांचं झाल्यावर मिळतं, 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक त्याच्या आधारे मिळतात, म्हणून दहावीची वाट बघू नये.

जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलतील. त्यांच्यासाठी एक पान तयार आहे: पहिला बाक, खिडकीपासून लांब, एका वेळी एकच सूचना, वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये. दत्तक असल्याचा उल्लेख त्यात नाही, ती गोष्ट ओमला विचारून सांगायची. ‘माझे कुटुंब’ प्रकल्पात बाळपणीचा फोटो मागितला, तर आई एवढंच विचारणार आहे, “साडेतीन वर्षांचा, घरी आलेल्या दिवसाचा आहे. चालेल का?”