गेम पळतो, मग बिलाचं ॲप का रखडतं?

प्रश्न : मुलाच्या फोनवर क्रिकेटचा गेम सुसाट चालतो. त्याच फोनवर वीजबिल भरायला गेलं की चकरी गरगरत बसते. गेममध्ये तर जास्त काम असेल ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : असतंच! पण आम्हा गेमवाल्यांच्या मानगुटीवर घड्याळ बसलेलं असतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एकेका चित्राला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात चेंडू, सावली, आवाज सगळं उरकायचं. जरा अडखळलं की लोक गेम काढून टाकतात. बिलाचं ॲप काढून जाणार कुठे?

आता, ॲपला सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबावं लागतं, हे मान्य. पण ऑनलाइन गेमलाही लागतंच की. तिथे तुम्ही बटण दाबलंत की उत्तर यायच्या आतच फोन अंदाजाने खेळाडूला पळवतो आणि अंदाज हुकला तर मागाहून गुपचूप जागेवर आणतो. पैशाच्या बाबतीत असा अंदाज नको, कबूल. पण निदान मागचं बिल दाखवा, ग्राहक क्रमांक लक्षात ठेवा!

आमच्या धंद्यात काटकसर जुनी आहे. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटमध्ये मावला. त्यातले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग वेगळा.

आणि माझं आवडतं सॉफ्टवेअर विचाराल तर फोनमधला साधा कॅल्क्युलेटर. ना लॉगिन, ना ओटीपी, ना ‘आम्हाला पाच तारे द्या’.