आधी खात्याची किल्ली दुकानातून घरी आणा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जीमेल भरलं म्हणून मेल येणं बंद झालं, लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, कुठल्याशा ॲपचे दर महिन्याला पैसे कटून राहिले, आणि आता या सगळ्या मोठ्या कंपन्यांना रामराम ठोकून दुसरं काय वापरावं म्हणता. राग खोटा नाही. पण सोडायची घाई करू नका, आधी करायचं काम वेगळंच आहे.

मी तालुक्याच्या गावी बारा वर्षांपासून सेवा केंद्र चालवतो, बाजूलाच मोबाईल दुरुस्ती. सातबारा, पीक विमा, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं त्याच एका टेबलावर. आपल्याकडे खातं माणसाच्या नावावर असतं आणि किल्ली भलत्याकडेच, हे रोज पाहतो.

मागच्या दिवाळीआधी एक काका आले. ओलीत करताना फोन पाटात पडला, नवा घेतला, आणि आता जुने फोटो पाहिजेत. मेल आयडी विचारला तर म्हणे, "पोट्ट्यानं काढून देल्ला होता बावा, मले काय मालूम!" पोट्टा म्हणजे मोबाईलच्या दुकानातला. त्यानं खातं उघडताना स्वतःचाच नंबर टाकलेला. पुढे तो चाकणला कंपनीत लागला, तो नंबर बंद पडला. तीन संध्याकाळी आम्ही बसलो. ते पान दर वेळी जुना पासवर्ड विचारायचं, मग बंद नंबरावर कोड पाठवतो म्हणायचं, मग उद्या या. पलीकडे बोलायला माणूस म्हणून नाहीच. काकांच्या पोरीच्या लग्नाचे फोटो गेले ते गेलेच. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून थोडे जमवले, तोंडं ओळखू येतात एवढंच. त्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसरीच्या दारात वेगळं काही झालं असतं असं नाही.

म्हणून तुम्ही आज रात्रीच खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा की रिकव्हरीला नंबर कोणाचा आहे. तुमचा नसेल तर बदला. गूगलच्या खात्यात टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप, चालू केलं की दहा बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे. ते कागदावर लिहा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, फोनच गेला तर ते कोड काय कामाचे?

आता भरलेलं जीमेल. फुकट मिळतात ते १५ जीबी एकट्या मेलचे नाहीत. मेल, ड्राइव्ह (गूगलकडे ठेवलेल्या फाइली) आणि फोटो, तिघांचे मिळून आहेत. १ जून २०२१ च्या आधी फोटो थोडे बारीक करून कितीही ठेवता यायचे, ते त्या दिवशी संपलं. त्यात २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबीत मोजला जातो. म्हणजे भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी जे फुला-पाखरांचे व्हिडिओ येतात, ते तुमच्या मेलची जागा खाऊन राहिले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपमधली "व्हिडिओ" ची खूण काढा आणि एकदा नव्यानं बॅकअप घ्या. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जणांचं एवढ्यानंच भागलं. उरलं तर मोठ्या अटॅचमेंटच्या मेल उडवा, आणि ट्रॅश रिकामा करायला विसरू नका.

फोटो मात्र उडवायच्या आधी उतरवून घ्या. गूगल टेकआउट म्हणून सोय आहे, तिथून तुमचा सगळा माल झिप फाइलींमध्ये मिळतो. तुकडे दोन जीबीचेच ठेवा. आपल्याकडे मधातच लाइन जाते, आणि पन्नास जीबीची एकच फाइल चाळीसवर तुटली की पुन्हा श्रीगणेशा. लिंक साधारण आठवडाभरच चालते. मी रात्री अकरानंतर लावून झोपतो. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, हार्डडिस्क घ्या, आणि दोन घेता आल्या तर एक भावाच्या घरी ठेवा. आणखी एक, दोन वर्षं ज्या खात्याला हातच लावला नाही ते गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ते काम सुरूही झालं. पोरीच्या शाळेच्या फॉर्मसाठी उघडलेलं जुनं खातं असेल तर सहा महिन्यांतून एकदा उघडत जा.

पैसे कटतात त्याबद्दल. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, हा समज काढून टाका. तुम्ही परवानगी बँकेला दिली आहे, ॲपला नाही. ज्या यूपीआय ॲपमधून पहिला रुपया गेला त्यात "ऑटोपे" शोधा, तिथे मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायची तुमची परवानगी, दिसेल, ते रद्द करा. पैसे कटायच्या २४ तास आधी सूचना यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती बहुतेक मेसेजच्या ढिगात पडलेली असेल. वर्गणी घ्यायला एक बटण आणि सोडायला सात पानं, या लबाडीला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या, यादीत घातलंय. एकूण तेरा प्रकार आहेत त्यात. तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरावर करता येते, मराठीतही.

लॅपटॉपचं थोडं सांभाळून. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून तुमचा चांगला चालता लॅपटॉपही नापास. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. कायमचा उपाय म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम. चार जीबी रॅमवर चालतं, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, लिहायला-हिशोबाला लिबरऑफिसही सोबत येतं. माझा घरचा लॅपटॉप चार वर्षांपासून मिंटवर आहे आणि बायकोला बचत गटाचा हिशोब करताना फरक कळला नाही. पण केंद्रातला कॉम्प्युटर मी हलवला नाही. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा डोंगल तिथे विंडोजवरच नीट चालतात. दोन दिवस डोकं लावून पाहिलं, गिऱ्हाईकं खोळंबली, परत फिरलो.

नकाशाच्या बाबतीत मात्र पर्यायच मला जास्त आवडला. एकदा संत्र्याच्या बागेत गाडी बोलावली होती. फोनमधल्या नकाशानं ड्रायव्हरला डांबरी सोडून पांदणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेत, घातलं, आणि श्रावणातली आपली काळी माती तुम्हाला सांगायला नको. चाकं अर्धी आत. ट्रॅक्टर लावून गाडी निघेस्तोवर अंधार पडला आणि हमालांची रोजी अंगावर आली. त्यानंतर मी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढलं. हा लोकांनी काढलेला नकाशा आहे, २००४ पासून चालू. गावाच्या चारही पांदणी मी स्वतः चालत जाऊन, फोनवर माग नोंदवून त्यात टाकल्या आणि कच्चा शेतरस्ता अशी खूण केली. त्यावरच चालणारं ऑरगॅनिक मॅप्स नावाचं ॲप आहे, जिल्ह्याचा भाग एकदा उतरवला की नेटशिवाय चालतं, जाहिरात नाही. आता गाडीवाल्याला आधीच तेच टाकायला सांगतो. दुकानांची नावं त्यात कमी सापडतात, हे खरं.

व्हॉट्सॲप सोडा असं मी कोणाला म्हणत नाही. सिग्नल हे तसंच मेसेजचं ॲप चांगलं आहे, नफा न कमावणाऱ्या संस्थेचं आहे, पण माझ्या सिग्नलवर चारच माणसं आहेत आणि त्यातला एक मीच बसवून दिलेला. सोयाबीनचा भाव, शाळेची सुट्टी, विजेची डीपी जळाल्याची खबर, सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. घरच्या चौघांपुरतं सिग्नल ठेवा, बाकी चालू द्या.

सरकार काही करत नाही म्हणालात, तेवढं अगदीच खरं नाही. आपल्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदीच आठवते, पण दिल्लीत दुसरा सीसीआय आहे, स्पर्धा आयोग. त्यानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या मक्तेदारीवरून गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या अटींवरून त्याची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा. त्यातून तुमचे फोटो परत येत नाहीत, हेही तितकंच खरं. तुमचं स्वतःचं खातं कंपनीनं बंद केलं तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, मग ३० दिवसांच्या आत केंद्राच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण कायद्यात ग्राहक म्हणजे पैसे मोजणारा, त्यामुळे फुकटच्या मेलसाठी तिथे उभं राहणं कठीण. विकत घेतलेल्या प्रिंटरनं बाहेरची शाई नाकारली, तर तिथे बिल घेऊन जाता येतं. माझं असं एक प्रकरण आहे, निकाल लागला की वेगळं लिहीन.

तुमच्या लॅपटॉपची रॅम किती आणि त्यावर अंगठ्याचं मशीन लावता का, तेवढं कळवा. मिंटचा पेनड्राइव्ह माझ्याकडे तयार आहे. फक्त मंगळवारी येऊ नका, मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो.