साडेसात महिन्यांच्या कुत्र्याचा एकच वृषण खाली उतरला आहे. अजून वाट पाहावी का?

आपला पॉमेरेनियन साडेसात महिन्यांचा झाला तरी त्याचा डावाच वृषण पिशवीत लागतो, घरची मंडळी गणेशचवथ होईपर्यंत थांबू म्हणतात आणि म्हापशाच्या नातेवाइकांना त्याचे पिल्लू हवे आहे, असे आपण लिहिले आहे. फोंड्याजवळ माझा पाळीव जनावरांचा दवाखाना आहे आणि असे कुत्रे माझ्याकडे नेहमी येतात. माझे स्पष्ट मत असे की आता थांबू नये आणि या कुत्र्यापासून पिल्ले तर मुळीच घेऊ नयेत.

वृषण गर्भात मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जांघेतल्या अरुंद वाटेने पिशवीत उतरतात. कुत्र्यांत हे बहुधा जन्मानंतरच्या दोन महिन्यांत पुरे होते, बोक्यांत बहुतेकदा जन्मतःच झालेले असते. पिल्लू लहान असताना मात्र घाई करू नये, कारण तपासणीच्या थंडगार टेबलावर घाबरलेले पिल्लू खाली उतरलेला वृषणही वर ओढून घेते आणि मालक उगाच धास्तावतात. अशा वेळी मी पिल्लाला मालकाच्या मांडीवर उताणे झोपवून, बोटाला थोडे साबणाचे पाणी लावून जांघेकडून पिशवीकडे हलकेच सरकवत नेतो. वृषण तिथे असेल तर तो बोटाखालून निसटताना कळतो. सहा महिन्यांच्या सुमारास जांघेतली ही वाट आवळून बंद होते, त्यामुळे त्यानंतर तो आपोआप खाली येईल ही आशा सोडून द्यावी. इंजेक्शने देऊन तो उतरवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. उजवा वृषण अडकणे हेच कुत्र्यांत अधिक आढळते.

पोटातली उष्णता पिशवीपेक्षा काही अंशांनी अधिक असल्यामुळे अडकलेल्या वृषणात शुक्राणू तयार होत नाहीत, परंतु नराचे संप्रेरक तयार होतच राहते. म्हणून दोन्ही वृषण वर राहिलेला कुत्रा वांझ असूनही जागोजागी मुततो, माज आलेल्या कुत्रीमागे धावतो. आणि आपल्यासारखा एकच खाली असलेला कुत्रा पिल्लेही देऊ शकतो. नेमकी इथेच चूक होते. हा दोष आनुवंशिक आहे, तो मुलग्यांत दिसतो पण मुलींतूनही पुढे जातो, आणि पॉमेरेनियन, चिवावा, पूडल अशा लहान जातींत तो विशेष आढळतो. नातेवाइकांना हे समजावून सांगा. त्यांचे मन राखण्यासाठी हा दोष पुढच्या पिढीच्या पदरात टाकू नये.

थांबण्याचा खरा धोका गाठीचा. अडकलेल्या वृषणात गाठ होण्याची शक्यता साधारण 10 पटींनी वाढते. नऊ वर्षांचा एक पांढरा पॉमेरेनियन माझ्याकडे आणला तेव्हा त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखे झडून कातडी काळसर झाली होती, स्तनाग्रे कुत्रीसारखी सुजली होती, आणि घरचे वर्षभर खरजेचे मलम लावत होते. लहानपणीच नसबंदी झाली आहे, असे त्यांनी खात्रीने सांगितले. झाली होती ती अर्धीच: खाली असलेला वृषण काढला होता आणि पोटातला तसाच ठेवला होता. सोनोग्राफीत तो लिंबाएवढा दिसला. अशा गाठीतून स्त्रीसंप्रेरक पाझरते आणि ते अस्थिमज्जेवर आघात करून रक्त तयार होणेच थांबवू शकते. हा कुत्रा वाचला, चार महिन्यांत केसही आले. पण ती वर्षभराची तगमग टाळता आली असती, याचे मला आजही वाईट वाटते. कधी पोटातल्या वृषणाला पीळ पडून जनावर वेदनेने एकाएकी कोलमडते, तेही मी पाहिले आहे.

बोक्यांत गाठीचे भय बरेच कमी, परंतु मुताचा उग्र वास, भांडणे आणि भटकणे सुरूच राहते. पिशवी रिकामी असलेला बोका आणला तर मी त्याच्या लिंगावरचे बारीक काटे पाहतो. ते असतील तर वृषण आत कुठेतरी आहे असे समजावे, कारण दोन्ही काढल्यावर ते काही आठवड्यांत नाहीसे होतात.

आपण आधी सोनोग्राफी करून वृषण जांघेत आहे की पोटात हे पाहून घ्या. जांघेत असेल तर लहानशा छेदाने भागते. पोटात असेल तर कुत्रीच्या नसबंदीसारखे पोट उघडावे लागते. दोन्ही वृषण एकाच वेळी काढावेत, अडकलेला आधी, आणि ऑपरेशननंतर दोन्ही दाखवण्याची विनंती डॉक्टरांना निःसंकोच करावी. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर त्याला ओल्या अंगणात सोडू नका, पावसाळ्यात तर वसरीवरच बांधा, आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर काढू नका. आत्ताच तारीख घेतलीत तर चवथीला घरात पाहुणे यायच्या आधी त्याची जखम भरलेली असेल.