माळ्यावर वटवाघळं राहायला आलीत, कायमची कशी घालवायची?

धूर, डांबराच्या गोळ्या, आवाजाची यंत्रं यांवर पैसे घालवू नका. खरं काम फट शोधण्याचं. अंधार पडताना बाहेर उभं राहून ती कुठून निघतात ते पाहा. बोटभर फटही त्यांना पुरते. तिथे तेलकट डाग आणि खाली लेंड्या दिसतील.

आधी बाकीच्या सगळ्या फटी बुजवा. मुख्य फटीवर बारीक जाळी वरून आणि बाजूंनी घट्ट बसवा, खालचं टोक मोकळं लोंबू द्या. वटवाघूळ खालून सरकत बाहेर पडतं, पण परत शिरायची वाट त्याला सापडत नाही. आठवडाभराने संध्याकाळी कोणीच निघत नसेल तर जाळी काढून तीही फट बंद करा.

पिल्लं उडायला लागलेली नसतील तर मात्र थांबा. आई बाहेर अडकते, पिल्लं आत मरतात, आणि तो वास तुम्हालाच सोसावा लागतो.

लेंड्या कोरड्या झाडू नका, त्यात फुप्फुसाला घातक बुरशी असू शकते. पाणी शिंपडून, मास्क लावून उचला. वटवाघळाला उघड्या हाताने धरू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर गाठा.