बेडकाच्या अंड्यात मेंदू घडताना पेशी खरंच सरकतात का?

सरकतात, आणि चांगल्याच. खानापूरकडे पावसाळ्यात भाताच्या खाचरात अंड्यांचे बुळबुळीत पुंजके दिसतात, त्यांतही हेच चालू असतं. अभ्यास मात्र जास्त झाला तो आफ्रिकेतल्या झेनोपस या बेडकावर. अंड्यातल्या गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक थर असतो, त्यातूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतात; तो आधी सपाट, रुंद असतो. मग पेशी मधल्या रेषेकडे एकमेकींत घुसतात. गणपतीच्या मिरवणुकीतली गर्दी बोळात शिरताना होते तसा थर अरुंद, लांब होतो. ही घुसाघुशी मज्जारज्जूच्या बाजूला जास्त, पुढच्या टोकाला कमी, म्हणून मेंदूचा भाग रुंदच राहतो. काही पेशी वरून आवळतात, नाडी ओढलेल्या बटव्यासारख्या. कडा उचलून जुळतात, नळी होते. झेनोपसमध्ये अंडं फळल्यापासून साधारण दिवसभरात हे उरकतं! घुसाघुशी बिघडली तर कडा भेटत नाहीत, नळी उघडीच राहते.